कॉफी प्या, पण चव लागू देऊ नका

नागपुरात आता माणसाची पारख त्याच्या कॉफीवरून होते. तर्री-पोह्याच्या गाडीवर उभ्याउभ्या चहाचा कट मारणाऱ्याला कोणी विचारत नाही. पण धरमपेठेतल्या काचेच्या कॅफेत शिरून, मेन्यूकार्डाकडे ढुंकूनही न बघता जो ‘एक हेझलनट लाटे’ म्हणतो, त्याच्याकडे शेजारच्या टेबलावरचे वळून पाहतात. तुमच्याकडेही कोणी असं पाहावं अशी इच्छा असेल, तर एकच पथ्य पाळायचं. काही झालं तरी कॉफीची चव जिभेला लागू द्यायची नाही. बाकी सगळी सोय बाजाराने करून ठेवलेली आहे.

सुरुवात बियांपासून करू. दुकानात गेल्यावर बी कुठली, कधी भाजली, अरेबिका की रोबस्टा या दोन जातींपैकी कुठली, असले प्रश्न काढू नका. फ्लेवरची कॉफी कशी तयार होते हे एकदा समजलं की ते प्रश्न आपोआप गळून पडतात. आधी बिया भाजतात. मग त्या गरगर फिरणाऱ्या पिंपात टाकून वरून फ्लेवरचं द्रव्य फवारतात, शंभर किलोला साधारण तीन किलोच्या आसपास. हे द्रव्य बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रावकात विरघळवलेलं असतं. हेझलनट कॉफीत हेझलनट शोधत बसू नका. त्याचं सर्वांत मोठं पीक तुर्कस्तानात येतं आणि बहुतेक वेळा तुमच्या कपापर्यंत त्याचा नुसता निरोप पोचतो. व्हॅनिलाचा वास तर १८७४ सालीच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून बनवून दाखवला. तेव्हापासून व्हॅनिलाच्या शेंगेवाचून जगाचं फारसं अडलेलं नाही.

आता तुम्हीच सांगा, वरून एवढं चोपडायचं असेल तर आत पहिल्या प्रतीची बी कोण घालेल? कॉफी भाजताना तिच्यात आठशेहून जास्त सुगंधी संयुगं तयार होतात. त्यांच्यावर हेझलनट ओतणं म्हणजे भीमसेनी कापराच्या डबीत अत्तराचा फाया कोंबणं. असला शहाणपणा व्यापारी करत नाही. गोदामात पडून राहिलेली, वास उडालेली बी इथे सुखाने नांदते, आणि ती कशी आहे हे कोणाच्या बापाला कळत नाही. फ्लेवरचं खरं मोठेपण यातच आहे. काही भले लोक चांगल्या बीवरही फवारतात म्हणे. त्यांच्याबद्दल मनात सहानुभूती असू द्या.

पाकिटाची मागची बाजू वाचू नका. तिथे बारीक अक्षरांत कॉफी इतके टक्के आणि चिकोरी इतके टक्के असं छापलेलं असतं, आणि ते वाचून उगाच मन खट्टू होतं. आपल्याकडे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे. म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरीचं भाजलेलं मूळ कायदेशीरपणे तुमच्या कपात येऊ शकतं. त्यात कॅफीन अजिबात नसतं, तेव्हा झोपही छान लागते. एवढ्या उपकारांबद्दल कुरकुर कसली?

साठवण हा खास नागपुरी विषय आहे. भाजलेल्या कॉफीचे वैरी चार: हवा, ऊन, उष्णता आणि ओल. चौघेही आपल्या शहरात मुबलक. दळलेली कॉफी पारदर्शक काचेच्या बरणीत भरा आणि गॅसच्या वरच्या फळीवर, खिडकीतून ऊन येईल अशी ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की उरलासुरला वास स्वतःहून घर सोडतो. उन्हाळ्यात बरणी कूलरसमोर उघडी ठेवली, तर ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास तिच्यात उतरतो. हा फ्लेवर अजून बाजारात आलेला नाही, तेव्हा मान तुमचा. फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर काल रात्रीच्या सावजी रश्श्याच्या शेजारी ठेवा, आणि झाकण सैल. कॉफी शेजाऱ्यांचे वास फार लवकर उचलते, मग वेगळं पाकीट विकत घ्यायची गरज राहत नाही.

फ्लेवरच्या बिया दळायला मात्र दुसऱ्याच्या यंत्रात द्या. तो चिकट वास दात्यांना असा धरतो की पुढचे कितीतरी दिवस त्यातून निघणाऱ्या प्रत्येक कॉफीला चॉकलेट-हेझलनटचा वास येतो. शेजारच्या काकांनी मुलाकडून मागवलेली कूर्गची साधी बी त्याच यंत्रात दळली गेली, तर त्यांनाही तुमच्या प्रगतीत वाटा मिळेल.

आता पिण्याची रीत. ही नीट लक्षात ठेवा, कारण सगळा डाव इथेच उधळतो. कप समोर आला की ताबडतोब प्या, कढत, जीभ भाजेपर्यंत. गप्पांत रमून कप निवू दिलात तर घात झाला. कॉफी निवत गेली की वरचा सुवास ओसरतो आणि खालचं लाकूड, जुनं पोतं, जळका कडवटपणा हळूहळू डोकं वर काढतात. कॉफी पारखणाऱ्यांचं कामच यावर चालतं. ते दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड कॉफी घेतात, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडतात, आणि मग ती निवत असताना पुन्हा पुन्हा चाखतात. गरम असताना कोणीही गोड बोलतं. थंड झाल्यावर काय निघतं ते त्यांना पाहायचं असतं. तुम्हाला ते पाहायचं नाही.

ही मंडळी चाखताना मोठ्याने फुर्रर्र करून ओढतात, म्हणजे कॉफी हवेसकट साऱ्या तोंडात फवारली जाते आणि वास नाकापर्यंत चढतो. जुन्या नागपुरात, महाल भागातल्या वाड्यात आजोबा बशीत ओतून नेमकं हेच करायचे आणि आपण त्यांना पाहुण्यांसमोर गप्प करायचो. कॅफेत असं काही करू नका. ओठ जेमतेम कपाला लावून फोटो काढा.

अशा ठिकाणी मावशीला सोबत नेणं टाळा. सांगून ठेवतो. मावशी कप नाकाशी नेईल आणि भर कॅफेत म्हणेल, “काय वास मारून राह्यला बाप्पा! कॉफी कुठी आहे याच्यात?” काउंटरवरचा पोरगा मग नम्रपणे सिरपचे आणखी दोन पंप मारून देईल. बाटलीवरच्या घटकांत पहिला मान साखर-पाण्याचा असतो, म्हणून मावशीचीही तक्रार तिथेच मिटते.

घरी कोणी जायफळाची कॉफी केली तर नाक मुरडा. तिच्यात दोष असा की त्यात खरंच जायफळ असतं. आजी ते सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळायची, वेलदोडा ठेचून टाकायची, दूध उकळायच्या आत खाली उतरवायची. जायफळ चिमूटभर वाढलं तरी तोंड कडू व्हायचं, त्यामुळे हात जपून चालायचा. जपून चालणारा हात धंद्याला परवडत नाही.

त्यापेक्षा वर्धा रोडवरच्या लॉनवर डिसेंबरातल्या लग्नात जा आणि ‘एक्स्प्रेसो’च्या स्टॉलसमोर उभे राहा. पोरगा स्टीलच्या जगात साखर-कॉफीचा फेटलेला गोळा टाकतो, दुधात नळी बुडवतो, वाफेची शिट्टी होते, फेस वर येतो आणि चहाच्या गाळणीतून त्यावर कोकोची पूड भुरभुरते. मिशीला फेस लागतो, हात शेकतात, कॉफीचा प्रश्न कोणी काढत नाही. खरं सांगायचं तर मला हा प्रकार मनापासून आवडतो. तो पोरगा निदान ‘आमची बी एकाच मळ्यातली’ असं सांगायला येत नाही.

एक संकट मात्र सांगून येत नाही. परतवाड्याच्या पुढे घाट चढला की चिखलदऱ्याला कॉफी पिकते. इंग्रजांच्या काळापासून पिकते. आपण तिथे जातो, पॉइंट पाहतो, भुट्टा खातो, उतरतो. पण एखादा आगाऊ मित्र तिथून ताज्या भाजलेल्या बियांची पुडी आणतो, तुमच्यासमोर दळतो, बिनदुधाची, बिनसाखरेची करतो, आणि म्हणतो, “पाय भाऊ, संत्र्यासारखं आंबटगोड लागते का नाही?” सिरपची बाटली कुठे आहे हे विचारायची चूक करू नका. आंबटपणा बीचाच असतो, कॉफीत सायट्रिक आम्ल मुळातच असतं, आणि संत्र्याच्या गावात राहून तुम्ही संत्र्याचा फ्लेवर मागितलात तर तो मित्र ते वर्षभर सगळीकडे सांगत फिरेल. एक घोट घ्या. भुवया वर करा. ‘नोट्स छान आहेत’ एवढंच म्हणा; कॉफीत जाणवणाऱ्या चवी-वासांना जाणकार नोट्स म्हणतात. कोणत्या, असं त्याने विचारलंच, तर खिशातून फोन काढून “हओ, निघालोच” म्हणत गॅलरीत जा आणि कुंडी दिसेल तिथे कप रिकामा करा.