‘आईला विचारा’ असे सुचवणाऱ्या वाचकांस

‘जागृत नागरिक, ऐरोली’ यांस,

संशयास्पद मृत्यूंच्या तपासाविषयीच्या माझ्या लेखावरील, मी सुटलेल्या आरोपींची वकिली करते असे म्हणणारी आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ताई’ असे संबोधून पुढच्याच ओळीत ‘घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावरून आरोपींसाठी अश्रू ढाळणे सोपे असते’ असे लिहिण्याची ही तऱ्हा मला नवी नाही. माहितीसाठी सांगते, मी ठाण्याच्या नौपाड्यात तळमजल्यावर राहते आणि मोठा पाऊस झाला की आमच्या इमारतीची पहिली पायरी पाण्याखाली जाते. मुद्दा पटला नाही तर मुद्दा खोडावा, लिहिणाऱ्याचे मजले मोजू नयेत.

न्यायसहायक प्रयोगशाळांवरील कामाच्या ताणाचा उल्लेख लेखात हवा होता, हे आपले म्हणणे रास्त आहे. व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल येईपर्यंत तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, हे मीही पाहिले आहे.

आता आपले मुख्य वाक्य: ‘सुटलेल्यांची वकिली करण्याआधी मेलेल्याच्या आईला विचारा.’ विचारू या. २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी सुनावली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीच्याच रांगेत उभे केले. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. त्या हल्ल्यातून वाचलेल्या आईला पोलिसांनी आपल्याकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातील चार जण ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते, आणि त्यांच्याविरुद्ध तपासच झाला नाही. म्हणजे आईला विचारले होते, महोदय. तिचे उत्तर बाजूला ठेवले गेले. पोलिसी भाषेत गुन्हा एकदा ‘उघडकीस’ आला की आणखी कोणाला शोधण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि सहा जण सोळा वर्षे तुरुंगात असताना ते चौघे कुठे होते, हे विचारायलाही कोणी उरत नाही. आपल्याला आरोपींची कणव नसेल तर नसो, पण मृतांची असेल तर हा प्रश्न आधी आपल्याला पडायला हवा होता.

‘पुराव्याअभावी सुटका म्हणजे पळवाट’ असेही आपण लिहिता. आपण ऐरोलीहून मुलुंडमार्गे मुंबईकडे जात असाल, तर कांजूरमार्गजवळून जाता. २०१४ मध्ये तिथेच एका तरुण अभियंत्या मुलीचा मृतदेह सापडला. त्या प्रकरणात फाशी झालेल्या इसमाला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सोडले. सीसीटीव्ही चित्रणासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र नव्हते आणि साक्षीदारही विश्वासास उतरले नाहीत. आपण या प्रमाणपत्राला पळवाट म्हणाल, मी ते मिळवणे तपास यंत्रणेचे साधे काम समजते. ते न झाल्यामुळे अकरा वर्षांनंतर त्या मुलीच्या घरच्यांच्या हाती काहीही उरलेले नाही. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, हे १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालापासून प्रत्येक पोलीस ठाण्याला ठाऊक आहे. तोही सायनाइडने झालेल्या संशयास्पद मृत्यूचाच खटला होता आणि त्यातही फाशी रद्द झाली होती.

‘न्यायालयाची पायरी न चढलेले लोक’ या आपल्या शेऱ्याबद्दल एवढेच की मी नोकरीची सगळी वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून काढली. कोर्ट कुठले ते सांगत नाही. लाखेचे सील लावलेला मुद्देमाल, खाकी कागदात गुंडाळलेला सुरा, आणि ‘मी सही केली तेव्हा कागद कोरा होता’ असे शपथेवर सांगणारा पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. ती वाक्ये मी टंकलिखित केली आहेत. आपण ती वर्तमानपत्रात वाचली असतील, तीही वाचली असतील तर.

‘चौकात फाशी द्या’, ‘वकिलांवर बंदी घाला’ वगैरे वाक्यांना उत्तर देण्यासारखे काही नाही. पोलिसांवर दबाव असतो हे लेखातच तिसऱ्या परिच्छेदात आहे, तिथवर आपण पोहोचला नसाल. यापुढील प्रतिक्रिया आपण स्वतःच्या नावाने लिहिलीत, तर कितीही कडवट असली तरी प्रसिद्ध करीन. ‘जागृत नागरिक’ या नावाने आलेली करणार नाही.