डिझाइनची झाकली मूठ

तुम्ही यूएक्स डिझायनर (ॲप किंवा वेबसाइट लोकांना वापरायला सोपी जावी अशी तिची रचना करणारे) आहात आणि आपल्यावाचून टीमचं पान हलू नये असं तुम्हाला मनापासून वाटतं? मग आधी लिहिणं थांबवा. स्क्रीन काढा, हव्या तेवढ्या काढा. पण अमुक गोष्ट तशी का केली, ते डोक्यातच ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्युमेंटमध्ये उघडली की कुणीही मोजून बघतं.

फॉर्ममधल्या जन्मतारखेचंच घ्या. चाचणीला आलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी कॅलेंडर उघडलं आणि महिना मागे नेणारा बाण दाबायला सुरुवात केली. सत्तर वर्षं मागे जायचं म्हणजे ८४० वेळा. तीस-चाळीसदा दाबून ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय." तुम्ही त्याच दिवशी कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन दिले. उत्तम केलंत. आता याची नोंद मात्र ठेवू नका. सहा महिन्यांनी नवी डिझायनर येईल, ते चौकोन बघून नाक मुरडेल आणि देखणं कॅलेंडर बसवेल. तक्रारी येतील, मीटिंग बसेल आणि तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणाल, "हे आपण पूर्वी करून बघितलंय." त्यावर खोलीत जी शांतता पसरते, ती दोन ओळींच्या नोंदीच्या नशिबी कुठली?

लिहावंच लागलं तर एकट्याने लिहा. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी (कुणीही पानं बदलू शकेल अशी वेबसाइट) सुरू केला आणि दुसऱ्याचं पान सुधारायची खोड लोकांना लागली. तुम्ही सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी द्या. नाहीतर डेव्हलपर विचारणार, यादी रिकामी असेल तेव्हा काय दाखवायचं? सपोर्टवाले सांगणार, त्या बटणाचा लोक भलताच अर्थ घेतात. (रोज फोन तेच घेतात म्हणा, पण फोन घेणाऱ्याला डिझाइनमधलं काय कळतं!) अशांना कॉमेंट करू दिल्या तर चुका कोड लिहायच्या आधीच सापडतील. मग शेवटच्या रात्रीच्या धावपळीत तुमचं शौर्य दिसणार कधी?

फिकट राखाडी अक्षरांवर कुणी बोट ठेवलं, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट लागतो असं ऐकवलं, तर "ते ठरलंय" एवढंच म्हणा. कुणी ठरवलं, कधी, कशावरून, हे विचारायला माणसं संकोचतात. तरी खबरदारी म्हणून असल्या चर्चा चॅटवरच उरका. चार दिवसांत त्या इतक्या वर सरकतात की तुम्हालाही सापडत नाहीत.

नोकरी सोडताना हँडओव्हरला अर्धा तास पुरे. "सगळं फाइलमध्ये आहे" म्हणून लिंक पाठवा. सोमवारी तुमच्या जागी आलेला माणूस ती उघडेल. समोर 'परवानगी मागा' असं बटण येईल, तो ते दाबेल, आणि विनंती तुमच्या त्या ईमेलवर जाईल, जो शुक्रवारीच बंद झालाय.