टेप, साबण, एम-सील: पेट्रोलची गळती अशी थांबत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "जुन्या गाडीच्या पाईपाच्या जोडातून पेट्रोल गळतंय? मेस्त्रीकडं पैसे घालू नका. नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळा, गच्च आवळा. तरी पाझरलं तर साबण किंवा एम-सील थापा. थोडा वास येणारच, जुनी गाडी आहे." मी जुन्या जीपा दुरुस्त करतो. या मेसेजातलं जवळपास प्रत्येक वाक्य गाडी पेटवू शकतं, म्हणून लिहितोय.

आधी टेप. नळाच्या पाईपाला टेप चालतो, कारण तिथं पाणी आट्यांतच अडवायचं असतं. गाडीच्या धातूच्या पेट्रोल पाईपाचं तसं नसतं. बहुतेकदा त्याचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं पसरवलेलं असतं आणि ते समोरच्या उतरत्या तोंडावर बसतं. धातूवर धातू दाबून बसला की पेट्रोल तिथंच अडतं. नट फक्त दाबायचं काम करतो. म्हणजे टेप गुंडाळता त्या जागेचा गळतीशी संबंधच नाही.

मागं खानापूरकडची एक पेट्रोल जीप आली. "मेस्त्री, टेप गुंडाळलाय, तरी गळायलंय बघा." नट खोलला, तर आट्यांत टेपाचा लगदा. कार्ब्युरेटर उघडला, तर आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या तोंडात पांढरा धागा अडकलेला, केसाएवढा. त्यामुळं सुई बंदच होईना आणि पेट्रोल वरून उतू जात होतं. आधी एक गळती होती, टेपानं दुसरी तयार केली. मूळ दोष वेगळाच होता: पसरवलेल्या टोकाला चीर गेली होती. तेवढं टोक कापून नवं पसरवलं, जोड कोरडा झाला.

ती चीर कशी गेली? "गच्च आवळा" या सल्ल्यानंच. पसरवलेलं टोक पातळ असतं, जोर दिला की फाटतं. शिवाय एकाच पान्यानं नट फिरवला तर अख्खा पाईप पिळतो. एका पान्यानं मागचा जोड धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. बसला की थांबायचं. तरी गळलं तर खोलून बघायचं, आणखी आवळायचं नाही. जोडात तांब्याचा वायसर असेल तर तो नवा घाला. जुना एकदा दबलेला असतो, पुन्हा तसाच बसत नाही.

साबणाचं थोडं खरं आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून टाकीच्या बारीक भोकाला तो काही वेळ धरतो. जुने ड्रायव्हर लोक तसं करायचे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण इंजिनाजवळचा जोड सतत हादरतो, तिथं साबण टिकत नाही. चोर्ला घाटात चढावर इंजिन तापलेलं असताना तो निसटला, तर पेट्रोल कुठं पडेल याचा विचार करा. एम-सील पेट्रोलनं ओल्या धातूला धरतच नाही.

रबरी नळी असेल तर वरून काही लावू नका, नळीच बदला. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांच्या नळ्यांचं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. पाण्याची पारदर्शक नळी तर कधीच लावू नका.

आणि "थोडा वास येणारच". नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, गाडीखाली आणि गॅरेजातल्या खड्ड्यात साचते. वास येतो म्हणजे ती साचायला लागली आहे.

डिझेलवाल्यांनो, तुमच्या जोडातून थेंब पडत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. टाकीपासून गाडीतल्या डिझेल पंपापर्यंत डिझेल ओढून घेतलं जातं. तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रोज सकाळी एअर काढावी लागते, ती बऱ्याचदा याच कारणानं.

काम करताना गाडी थंड, उघड्यावर, खड्ड्यात नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, उजेडाला तापणारा बल्ब नको. जोड बसवल्यावर पुसून कोरडा करा, वायर जोडा, इंजिन दहा मिनिटं चालवा. मग बंद करून जोडाखाली पांढरा कागद धरा. डाग पडला तर गाडी हलवू नका.