तिकडं तुम्हाला सगळं फुकटच की

आमचं घर निपाणीचं, म्हणजे सीमेवरच्या पण कर्नाटकातल्या गावचं. घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात आतेभावानं एक जुना फॉरवर्ड परत टाकला, दम्याचं औषध 50 टक्क्यांनी महाग, आणि खाली स्वतःची भर, आपण महाराष्ट्रात असतो तर ही पाळी आली नसती. मग काय, दोन तास नुसती धुळवड. मामा म्हणाले कोल्हापुरात काय फुकट वाटालेत काय, कुणी सीमाभागातला 1 नोव्हेंबरचा काळा दिवस काढला, कुणी कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री बोम्मई काढले. मी एवढंच लिहिलं की बाबांनो, ती वाढ ऑक्टोबर 2024 ची, केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं दिलेली, आणि त्यात साल्बुटामॉलच्या 2 आणि 4 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायचं पातळ औषध होतं, तोंडानं ओढायचा पंप, म्हणजे इनहेलर, नव्हताच. त्यावर उत्तर आलं, "तुला काय कळणार, तिकडं तुम्हाला सगळं फुकटच की."

हे 'फुकटच की' काय डोक्यातनं जाईना.

मी इंग्लंडात चेस्टरला राहतो. मलाही दमा आहे, आईकडून आलेला. इथं जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, लिहून दिलेल्या प्रत्येक आयटमला 9 पौंड 90 पेन्स पडतात, 2024 च्या मेपासून हाच दर. निळा पंप एक, तपकिरी एक, झाले की जवळजवळ वीस पौंड. कुठल्या आजाराला माफी ती यादी 1968 ची आहे, त्यात डायबेटिस आहे, थायरॉइड आहे, दमा नाही. बायकोला थायरॉइड आहे म्हणून तिच्याकडं माफीचं कार्ड, तिचं साधं अँटिबायोटिकसुद्धा फुकट, आणि मी तिच्याच शेजारी काउंटरवर उभा राहून कार्ड टॅप करतो. (वर्षाचा पास 114.50 पौंडात मिळतो, तो काढला की कितीही आयटम घ्या. हे मी ग्रुपवर सांगितलं नाही, वाद जिंकायचा होता.)

आणि गंमत पुढंच आहे. घरापासून गाडीनं दहा मिनिटं गेलं की वेल्स, रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला 'आरव' (वेल्श भाषेत तेच, हळू) रंगवलेलं दिसायला लागतं, आणि तिथं 2007 पासून प्रिस्क्रिप्शनला एक पेनी लागत नाही. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचं मैदान वेल्समध्ये आणि ऑफिस इंग्लंडात आहे. म्हणजे मी निपाणीची सीमा सोडून आलो आणि दुसऱ्या सीमेवर येऊन बसलो, आणि इथंही चुकीच्याच बाजूला! पण यावरून इथं कुणी बसवर दगड मारत नाही, पाटीवर दोन्ही भाषा सुखानं नांदतात. साठ-सत्तरच्या दशकात वेल्शवाल्यांनी इंग्रजी पाट्यांना रंग फासला होता हे मला माहीत आहे, पण ते आत्ता राहू दे.

आतेभावाचा मुद्दा कुठून आला तेही कळतं मला. 2023 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, बोम्मई खवळले, इकडं पेढे तिकडं निषेध. पण अरे, ती योजना ॲडमिट झाल्यावरची, ऑपरेशनची, पॅकेजची. कर्नाटकाचं आरोग्य कार्डही त्याच जातीचं. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप ह्यांच्या यादीत नाही आणि त्यांच्याही यादीत नाही, म्हणजे आईला धाप लागून ती पलंगावर आडवी पडली तर दोन राज्यं तिच्यासाठी भांडणार आणि पडू नये म्हणून जे लागतं ते तिनं पदरचे पैसे घालून घ्यायचं.

आई वीस वर्षं वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याचा खाट आम्हालाच ठसका आणायचा. आता वखार सुटली पण थंडीत शिवारात पाचट पेटलं की रात्रभर बसून असते. डॉक्टरांनी तपकिरी पंप दोन वेळा सांगितलाय, तो चारशेच्या पुढं जातो, म्हणून ही एकदाच घेते, आणि शेजारच्या काकू वर सांगतात पंपाची सवय लागती गं. सवय कसली? निळा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, तपकिरी आतली सूज उतरवतो, आणि तो रोज घेतला तरच त्याचा उपयोग. हे मी फोनवर दहा वेळा सांगितलंय. इथून, पाच हजार मैलांवरून, सांगायला काय जातंय.

गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पंपाची डबी प्लॅस्टिकमधून काढून पाण्याच्या तांब्यात टाकून बघत होती, बुडाली तर भरलेली, आडवी तरंगली तर संपली. अशानं काही कळत नाही म्हणून मी मोठा शहाणपणा सांगितला. ती बरं म्हणाली, डबी पदरानं पुसली आणि कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातनं चार सीलबंद पंप काढून माझ्यापुढं ठेवले. दोन निळे, दोन तपकिरी. "ने की, तिकडं लई महाग हाय म्हणतोस."

खरं सांगायचं तर मी दर खेपेला तिथूनच आणतो. इथल्या एका निळ्याच्या पैशात निपाणीत सहा-सात येतात. हा हिशोब मीच तिला कधीतरी हसत सांगितला होता. त्या वेळी मी ते चार बॅगेत टाकले, वर चकलीचा डबा ठेवला. विमानात बसल्यावर डोक्यात आलं की तपकिरी दोन तिच्या खात्यातलेच असणार, एका वेळेचे वाचवलेले.

आतेभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दोनदा टाइप केलं, वेल्स, 1968, पौंडाचा भाव, सगळं, आणि खोडलं. गेल्या महिन्यात पहाटे आईला धाप लागली तेव्हा स्कूटरवर पुढं तो, मागं त्याची बायको, मधे आई, असं त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. मला ते दुपारी ग्रुपवर कळलं.