आवाजी मतदानाने मंजूर

अभिनंदन! कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे तुम्ही विश्वस्त झालात. कसे झालात ते विचारत नाही, अध्यक्षांच्या सोसायटीत राहत असाल नाहीतर त्यांच्या मुलाच्या लग्नात ओळख झाली असेल, मीही तसाच आलो आणि तीन टर्म काढल्या. म्हणून चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो, पटल्या तर घ्या.

आपल्याला साइन लँग्वेज येत नाही याचं आधी वाईट वाटून घेऊ नका. येऊच नये. आली की लोक थेट तुमच्याशी बोलायला लागतात आणि मग "मला कळलंच नाही हो" म्हणायची सोय संपते. नमस्कार आणि थँक्यू एवढं शिका, फोटोपुरतं होतं. २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिवस असतो, तेव्हा स्टेजवर दोन्ही करून दाखवा, पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

बोर्डावर एक बधिर माणूस मात्र ठेवायचाच, वार्षिक अहवालात फोटो लागतो. पण एकच. दोन ठेवले की ते आपसात बोलतात, काय बोलतात ते आपल्याला कळत नाही, आपण नुसते एकदा याच्या तोंडाकडे एकदा त्याच्या तोंडाकडे बघत बसतो, फार अस्वस्थ वाटतं. (त्या एकट्याला दर मीटिंगला तसंच वाटत असेल म्हणा, पण त्याला सवय आहे.)

आता खरी परीक्षा, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लावायची, कायदेशीर असते. ग्रुपवर टाकायचीच वेळ आली तर व्हॉइस नोट टाका. दिवस कामाचा, वेळ सकाळी ११. कोरम भरत नाही, मग सभा अर्धा तास तहकूब, आपण खाली जाऊन कटिंग मारायचा, वर आलो की त्याच जागी तीच सभा आणि आता कोरमची गरज नाही. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून, मोठ्याने. हिशोबाचा पॉवरपॉइंट लावला की दिवे घालवायला विसरू नका, अंधारात इंटरप्रिटरचे हात दिसत नाहीत आणि बिल्डिंग फंडाची स्लाइड तेवढ्यात सरकते. मग अध्यक्ष विचारतात, मंजूर? पहिल्या रांगेतले आपण सात जण म्हणतो, मंजूर! कोणाच्या तोंडून 'नामंजूर' ऐकू आलं नाही, म्हणजे ठराव आवाजी मतदानाने एकमताने पास. बधिरांच्या संस्थेत आवाजी मतदान, याच्याइतकी निर्धोक पद्धत लोकशाहीत दुसरी नसेल.

इंटरप्रिटर बाहेरून बोलावू नका. ते पैसे मागतात आणि सगळं सांगतात. आपल्याच शाळेतल्या एखाद्या बाई बघा, ज्यांचं इन्क्रिमेंट सेक्रेटरींच्या सहीसाठी अडकलंय. आमच्याकडे एका वर्षी एक माजी विद्यार्थी उभा राहिला, पन्नाशीचा, प्रेसमध्ये बाइंडिंग करतो, बोटांवर वाळलेली खळ तशीच. दहा मिनिटं बोलत होता, हात असे चालले होते की टेबलावरचा पाण्याचा ग्लास कलंडला. बाईंनी आम्हाला सांगितलं, "ते हिशोबाचं विचारतायत." खजिनदारांनी मग सात मिनिटं उत्तर दिलं, हरवलेली व्हाउचरं, सीएंचं आजारपण, मोडलेली एफडी, सगळं. बाई त्याच्याकडे वळल्या आणि दोन खुणा केल्या. नंतर सांगते.

तो बराच वेळ उभाच होता.

शिकायचंच असेल तर मोठ्या लोकांकडून शिका. १८८० साली मिलानला बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली, बधिर प्रतिनिधी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ठराव काय झाला तर शाळेत साइन बंद, मुलांनी तोंडाने बोलायचं. त्याबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. १३० वर्षं! आपली टर्म पाच वर्षांची.

आणि कसं वागू नये हे बघायचं असेल तर गॅलोडेट. वॉशिंग्टनचं बधिरांचं विद्यापीठ, १८६४ पासूनचं. १९८८ च्या मार्चमध्ये तिथे अध्यक्षपदासाठी तिघं उरले, दोन बधिर आणि एक ऐकू येणाऱ्या बाई ज्यांना साइन येत नव्हती. बोर्डाने बाईंना निवडलं. इथपर्यंत उत्तम, मीही तेच केलं असतं. पण पोरांनी गेटं बंद केली, मोर्चा थेट संसदेवर नेला. बोर्डाच्या चेअरमन जेन स्पिलमन विद्यार्थ्यांना समजवायला गेल्या तर कोणीतरी फायर अलार्म चालू केला. त्यांना बोलणं अशक्य झालं आणि समोरच्या पोरांचं बोलणं आरामात चालू! आठवड्याच्या आत निवडलेल्या बाई गेल्या, स्पिलमन गेल्या, आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष आले आणि बोर्डावर बधिरांचं बहुमत करायचं कबूल करावं लागलं. चूक कुठे झाली? पोरांना एकत्र राहायला हॉस्टेल दिलं होतं. आम्ही आमचं हॉस्टेल वेळीच हॉलला दिलं, लग्नसराईत चांगलं भाडं येतं.

तक्रारीसाठी फोन नंबर जरूर द्या. लँडलाइनचा.

धर्मादाय आयुक्तांचं फार टेन्शन घेऊ नका. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो दिला की पुढे निवांत असतं. ऑडिट रिपोर्ट तिकडे जमा होतो, पण जाऊन बघतंय कोण. कायद्यात एक ४१-ड कलम आहे, संस्थेशी हितसंबंध असलेला कोणीही अर्ज करून विश्वस्तांना काढायची मागणी करू शकतो, पण त्यासाठी कायदा वाचावा लागतो, कागद गोळा करावे लागतात, आणि आपले लोक बिचारे, त्यांना कोण सांगणार, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात रजिस्टर्ड पोस्टाने जाडजूड पाकीट आलं. ४१-ड खालचा अर्ज, सोबत पाच वर्षांच्या ऑडिट रिपोर्टच्या प्रती, एफडीच्या आकड्यांवर पिवळा मार्कर, हॉलच्या भाड्याच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या. खाली सभासदांच्या सह्या. आणि बाइंडिंग इतकं सुबक, कापडी कणा, कोपरे अगदी काटकोनात, की अध्यक्ष कितीतरी वेळ नुसता हात फिरवत होते त्यावरून.

खजिनदारांनी चष्मा काढला, सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पण यांना हे सगळं वाचून कोणी दाखवलं?"