पोरांना मिश्या

घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काल कुणीतरी माझा फोटो टाकला. ओठावर कुठल्याशा ॲपने भल्यामोठ्या मिश्या चिकटवलेल्या आणि खाली लिहिलेलं, "पोरं कोणावर गेली ते कळलं." सगळ्यांनी हसून घेतलं, सासूबाईंनीसुद्धा, ज्यांना एरवी ग्रुपवरचा फोटो उघडायचा म्हटलं की चष्मा सापडत नाही. आणि ह्या सगळ्याला कारण बायकोचे मामा.

आमच्या हॉलमध्ये माशांची चार फुटी टाकी आहे. तिच्यात आफ्रिकेतले सिक्लिड, म्हणजे मलावी सरोवरातले पीकॉक आणि यलो लॅब, आणि त्यांच्या जोडीला टांगानिका सरोवरातली सिनोडोंटिस कॅटफिश, अंगभर काळे ठिपके, तोंडाला मिश्या. सिक्लिड भांडकुदळ जात, त्यांच्यात गरीब मासा टाकला तर सकाळी शेपूट शिल्लक राहत नाही, पण ह्या कॅटफिशला काटे आहेत आणि टाळकं कवटीसारखं कडक, म्हणून तिला कोणी विचारत नाही. बस्स, एवढं पुरे, आता मामांकडे येतो.

मामा गोव्यातल्या उसगावचे. सगळी नोकरी बार्जवर, मांडवीतनं खनिज मुरगावला न्यायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मामा घरी बसले आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत आहे. फोंड्याला दाताच्या डॉक्टरकडे आले होते, पाऊस लागला, राहिले. त्यात श्रावण, घर कडक शिवराक, शुद्ध शाकाहारी. म्हणजे बघा, पंधरवडाभर नुस्त्याचा, माशांचा वास न घेतलेला माणूस आणि समोर भिंतीला चार फूट लांब जिवंत नुस्तं, वर लाईट लावून ठेवलेलं. मामांनी खुर्ची ओढली.

"किलोला कसं देतात?"

"मामा, हे खायचे नाहीत."

"का, काटे जास्त?"

"नाही हो, शोभेचे आहेत. आफ्रिकेतले."

मामा पुढे वाकले. "जावयबापू, हा काळुंदर रे."

मी म्हटलं हा सिक्लिड आहे, मलावीचा आहे, विमानाने आलेल्या माशांची पैदास आहे. मामा शांतपणे म्हणाले, "असेल. विमानाने आलेला काळुंदर. जिवणी बघ त्याची, पाठीवरचे काटे बघ." आणि खरा संताप इथे आहे, की मामा बरोबर होते. काळुंदर सिक्लिडच आहे. भारतात मूळचे सिक्लिड तीनच, त्यातला हा एक, आणि मामांनी तो आयुष्यभर बार्जवर बसून गरीने काढून रव्यात तळून खाल्लाय. ज्या खानदानाच्या एकेका नगाला मी शेकड्यांनी पैसे मोजतो त्या खानदानाचं पाठचं शेपटाकडचं तेवढं चांगलं लागतं, हे मला माझ्याच हॉलमध्ये ऐकून घ्यावं लागलं.

मग त्यांना कॅटफिश दिसली. "हा सांगट." सांगट म्हणजे आपल्या समुद्रातली कॅटफिश. मी घाईघाईत बोलून गेलो, आफ्रिकन कॅटफिश आहे ती. मामा खुर्चीतनं उठलेच.

"अरे, तो बॅन आहे ना! मोबाईलवर आलं होतं. सडकं मांस खातो तो. घरात ठेवलाय? बायका-पोरं आहेत घरात!"

आता बंदी आहे ती आफ्रिकन मागूरवर, थाई मागूर म्हणतात तोच, २००० सालापासून. तो मीटर-मीटर वाढतो, तळ्यात शिरला की आपले गावठी मासे संपवतो. माझी कॅटफिश वाढून वाढून वीतभर, अळ्या खाते, दिवसा दगडाच्या कपारीत झोपते. हे मी समजावलं, मोबाईलवर फोटो दाखवले, दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. मामा म्हणाले, "लहानपणी सगळेच लहान असतात."

त्यातून ही जात कपारीच्या छताला उलटी चिकटून झोपते. पोट वर. झालं, दर थोड्या वेळाने हॉलमधनं मयताची बातमी. "जावयबापू, गेला हा." मी ऑनलाईन मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू, आणि मागनं "गेला रे बिचारा, उलटा झाला." साहेबांनी मीटिंग थांबवून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. काय सांगणार.

पाऊस काही थांबेना. दुपारी कुठेतरी तारेवर माड पडला, लाईट गेली, फिल्टर बंद. म्हणून मी फिल्टर उघडून साफ करायला घेतला, तर आतनं निघाली जाळीची पिशवी, आणि पिशवीत तिसऱ्यांच्या शिंपल्या. आपलं पाणी जांभ्यातलं, मऊ, आणि ह्या आफ्रिकन मंडळींना लागतं जड पाणी, पीएच आठच्या आसपास. शिंपलीत चुना असतो, तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं. साधा, स्वस्त, गोंयकारी उपाय. पण मामांनी पिशवी बघितली मात्र, आत आवाज दिला, "अगो, तुझा नवरा श्रावणात तिसऱ्यो खातो!" बायकोला हे सगळं माहीत आहे, शिंपल्या तिनेच धुवून दिल्या होत्या, तरी ती बाहेर आली ती मामांच्या बाजूने. शिंपल्या चतुर्थीपर्यंत घराबाहेर. माशांच्या पीएचचं काय, हे विचारायची सोय नाही.

ह्या सगळ्यात मामांना एकच मासा आवडला. पीकॉकची मादी, तोंड फुगवून कोपऱ्यात उभी, खाणं टाकलं तरी ढुंकून बघत नाही. मी सांगितलं, तिच्या तोंडात अंडी आहेत, पिल्लं बाहेर सोडीपर्यंत तीनेक आठवडे जवळजवळ उपाशी राहते. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "ह्या घरात श्रावण पाळते ती ही एकटी." आणि सांगटाचंही असंच, म्हणाले, पण तिथे बाप तोंडात अंडी घेऊन फिरतो, गोट्यांएवढी मोठी, काही खात नाही. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठी जाळी घेरून मासे ओढणाऱ्या बोटींनी, नेमके असले बाप थव्याने ओढून काढले, अंडी डेकवर पायाखाली, मग कुठनं मिळणार सांगट. हे बोलताना मामांचा आवाज बदलला होता. मला वाटलं, आता तरी आमचं जमेल.

तर मामा मुक्कामाला असतानाच पिल्लं बाहेर आली. थोडीशीच. मामा काच सोडायला तयार नाहीत. मग हसू फुटलं, खोकला लागला, बायको पाणी घेऊन धावली. "जावयबापू, पोरांना मिश्या आहेत रे!"

तर हे असं आहे. ही कॅटफिश म्हणजे माशांमधली कोकिळा. सिक्लिड अंडी घालत असतात तेव्हा मधेच घुसून आपली घालते, आई गडबडीत सगळीच तोंडात भरते. कॅटफिशची अंडी आधी फुटतात आणि ती पिल्लं आईच्या तोंडातच तिची खरी पोरं खाऊन टाकतात. घरच्या टाकीत हे आपसूक जमून येणं म्हणजे काय चीज आहे हे हौशी माणसालाच कळतं, लोक ह्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात. माझं खरं तर अभिनंदन व्हायला हवं होतं. त्याऐवजी मामांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात फोन केले. "बापाचा पत्ता नाही, आईचासुद्धा नाही!" सासूबाई बायकोला म्हणाल्या की असलं घरात ठेवू नये. असलं म्हणजे कसलं?

निघताना मामांनी पिल्लं मागितली. विहिरीत सोडायला, डास कमी होतात म्हणे. मी नाही म्हटलं. परक्या मुलखातला मासा आपल्या पाण्यात सोडायचा नसतो, तिलापिया असाच १९५२ मध्ये भारतात आणला, आता बघावं त्या तळ्यात तो. मामा म्हणाले, "तिलापिया तरी खाता येतो." बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही, मामांनी कधी नव्हे ते काहीतरी मागितलं आणि मी मिश्यांवरनं नाही म्हटलं, असा तिचा हिशोब. पीएच घसरलाय, सोडा टाकून कसाबसा वर धरलाय.

आत्ताच मामांचा मेसेज आला. चतुर्थीला येतो, शिंपल्या तेव्हा परत घाल, पण ह्या वेळी ताज्या घे, आतलं काढून माझ्यासाठी ठेव.