दोनशे तासांच्या वैमानिकाबद्दल

नमस्कार. दोनशे तास उडवलेला वैमानिक सहवैमानिक म्हणून चालतो, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळा होत नाही. तुमचं म्हणणं असं की, दोनशे तास उडवलेलं पोरगं एअरबसमध्ये बसवणं हा प्रवाशांच्या जिवाशी जुगार आहे. अमेरिकेने तिथल्या बफेलो शहराजवळच्या विमान अपघातानंतर प्रवासी विमानांच्या वैमानिकांना उड्डाणाच्या दीड हजार तासांची अट घातली, आणि मी मात्र विमान कंपन्यांची वकिली करतोय.

मग बफेलोच घेऊ. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं विमान कोसळलं, ५० माणसं गेली. कॅप्टनचे उड्डाणाचे तास होते ३,३७९ आणि सहवैमानिकेचे २,२४४. म्हणजे ज्या अटीचा तुम्ही दाखला देता, ती तेव्हा असती तरी दोघंही त्या कॉकपिटमध्ये असतेच! वेग घटतोय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि स्टॉलचा (वेग कमी पडून पंखांची उचल संपण्याचा) इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी कंट्रोल मागे ओढला. या कॅप्टनच्या नावावर आधीच्या नापास चाचण्याही होत्या. गडबड तासांच्या आकड्यात नव्हती, त्या तासांत काय शिकलं आणि कोणी तपासलं, यात होती. शिवाय ती अट अमेरिकेतही सरसकट नाही: लष्करी वैमानिकाला ७५० तास पुरतात, विमानविद्येची पदवी असेल तर १,०००.

आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, हे खरं. पण परवाना खिशात पडला की दुसऱ्या दिवशी मुंबई-दिल्ली असं होत नाही. मधे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण), सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरचा सराव, आणि चाचणी पास झाल्यावरच 'रिलीज', म्हणजे नेहमीच्या उड्डाणांची मोकळीक.

मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०११ मध्ये राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलचं प्रकरण उघडकीला आलं होतं. न उडताच लॉगबुकात तास चढवले होते. (त्याच वर्षी बनावट गुणपत्रिकांवर परवाना मिळवलेले वैमानिकही सापडले.) दोनशे तासांसाठी ही तऱ्हा. उद्या दीड हजार मागितले तर पोरांनी ते जमवायचे कुठे? छोटी विमानं उडवून तास साठवावेत इतकं हवाई काम आपल्या देशात आहे कुठे? खर्च बापाच्या कर्जावर, आणि उरलेले तास शाईने भरलेले. दोनशे खरे तास मला त्यापेक्षा कधीही चालतील.

आणि मंगळूरचा विमान अपघात विसरू नका. २२ मे २०१०, १५८ मृत्यू. कॅप्टनला दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. प्रवासात बराच वेळ तो झोपला होता, मग विमान फार उंचावरून खाली आणलं. सहवैमानिक 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर घ्या, असं म्हणाला, पण कॅप्टनने ऐकलं नाही आणि यानेही कंट्रोल हाती घेतला नाही. तोही काही नवशिका नव्हता, हजारो तास उडवलेला माणूस. सीनियरला अडवायचं धाडस तासांच्या हिशेबाने वाढत नाही. ते सिम्युलेटरमध्ये मुद्दाम घोटून घ्यावं लागतं, आणि आपल्या 'सर, सर' संस्कृतीत तर दुप्पट.

शेवटी तुम्ही विचारलंय, मी स्वतः अशा विमानात बसेन का. शेजारी मुरलेला कॅप्टन असेल तर खुशाल बसेन. पण कॅप्टनही कालच बढती मिळालेला, सहवैमानिकही कालच रिलीज झालेला, आणि जुलैतल्या धुवाधार पावसात रात्री मंगळूरला उतरायचं असेल, तर मी रेल्वेचं तिकीट काढीन.